मितदेव गंधिकाचे वारसदार

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात अत्तराचं दुकान चालवणाऱ्या माणसालाही पूर्वज असू शकतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर माझी वंशावळ वडिलांपाशी संपत असे. त्यांनी घड्याळाच्या टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, एका बोळाच्या तोंडाशी हे दुकान टाकलं. खस, मोगरा, हिना, केवडा, मजमुआ. शिवाय ऊद, अष्टगंध आणि अगरबत्ती. रमजानात आणि लग्नसराईत गिऱ्हाईक, बाकी वर्षभर मी आणि पंखा.

माझा भाचा विद्यापीठात प्राचीन इतिहासात एम. ए. करतो आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. एकदा कुप्या भरता भरता तो सहज बोलून गेला, "मामा, पितळखोऱ्याला तीन नंबरच्या लेण्यात एका खांबावर ब्राह्मीत कोरलंय, की हा खांब पैठणच्या मितदेव गंधिकाच्या कुळानं दिला. गंधिक म्हणजे अत्तरवालाच की."

मी हातातली कुपी खाली ठेवली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला घेतलेली लेणी, पैठणचा अत्तरवाला, आणि दानात थेट दगडी खांब! आमची दानत गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुढे गेलेली नाही, पण धंदा एकच म्हटल्यावर खानदान एकच, असा हिशेब मी त्या रात्रीच मांडून टाकला. कागदपत्रांची उणीव होती. ती तशी बहुतेक मोठ्या घराण्यांत असतेच.

पुढचे काही आठवडे मी दुकानात माल कमी आणि इतिहास जास्त विकला. मोगऱ्याची कुपी मागणाऱ्याला आधी पैठण ते भडोच हा रस्ता ऐकावा लागे. सातवाहनांच्या राजधानीतून निघालेला माल आमच्याच भागातून उत्तरेला जायचा, वेरूळ-कन्नडच्या बाजूनं सातमाळ्याचे डोंगर गाठायचा, तिथल्या खिंडींतून खानदेशात उतरायचा आणि पुढे भडोचच्या बंदरात जहाजावर चढायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची जी बंदरांची वही लिहून ठेवली, तिच्यात भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर, पूर्वेला दहा दिवसांवर असं दिलं आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. सगळं गाड्यांतून, आणि तेही जिथं धड रस्ता नाही अशा मुलखातून. एवढं ऐकूनही मोगरा घेणारं गिऱ्हाईक खरं निष्ठावान म्हणायचं.

त्याच वहीतली आणखी एक नोंद भाच्यानं मला वाचून दाखवली. भडोचला बाहेरून जो माल यायचा, त्यात सुगंधी लेपनही असे. फार किमती नाही आणि फार प्रमाणातही नाही. मी ती नोंद ऐकली न ऐकल्यासारखी केली. भाच्यानं ती लक्षात ठेवली.

शेवटी दसरा झाल्यावर मी जाहीर केलं की आपण या मार्गानं जाणार, आणि तेही माल घेऊन. हिनं विचारलं, "अहो, पण तिकडे घेणार कोण?" व्यापारी असले प्रश्न विचारत बसले असते तर रेशीममार्ग झालाच नसता, असं काहीतरी मी म्हणालो. हिनं धपाटे बांधायला घेतले. शेजारच्या दुकानातले टोप्या आणि तसबीह विकणारे चाचा वडिलांच्या वेळचे. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "क्यों मियाँ, दो हज़ार साल पुरानी उधारी वसूल करने जारे क्या?"

पेटी वडिलांची होती. सागवानी, आतून मखमल, कुप्यांना खाचा. लग्नाच्या मांडवात नोकराच्या हातून न्यायची वस्तू, डोंगर उतरायची नव्हे. पण पाठीवर सॅक आणि तिच्यात अत्तर ही कल्पना मितदेवाच्या वारसाला शोभेना.

प्रवास पैठणहूनच सुरू व्हायला हवा, या माझ्या हट्टापायी आम्ही पहाटे आधी पन्नास किलोमीटर दक्षिणेला गेलो. गोदेचं पाणी बाटलीत भरलं, चहा घेतला आणि एसटीनं परत निघालो. एसटीच का, तर पेरिप्लसमध्ये गाड्या म्हटलं आहे, पायी म्हटलेलं नाही. हा मुद्दा मी भाच्याला दोनदा पटवून दिला. शहरात उतरल्यावर लक्षात आलं की धपाट्यांचा डबा घरीच राहिला. तेव्हा तो आणायला पैठणहून भडोचकडे निघालेला आमचा तांडा दुपारी ऐन वर्दळीत, कांद्याच्या आणि चादरींच्या हातगाड्यांमधून वाट काढत शहागंजातूनच गेला. चाचांनी घड्याळाकडे मान वळवली. "आ गए? अच्छा हुआ. कुछ बिका?"

कन्नडच्या गाडीत मी पेटी मांडीवर घेतली. दौलताबाद गेलं, वेरूळ गेलं. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला याच टापूतून हिऱ्यांसाठी गेला होता, हे मी शेजारच्या बाईंना सांगू लागलो. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. मला वाटलं ऐकायला नीट यावं म्हणून. पुढच्या आणि मागच्या खिडक्याही उघडल्या तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "मामा, एखादं बूच ढिलं आहे."

बूच मोगऱ्याचं होतं. मी ते दाबून बसवलं आणि विषय संपला असं समजलो.

रात्री कन्नडला मुक्काम. तिथून चाळीसगावला जाणारा रस्ता औट्रम घाटातून उतरतो. जेम्स औट्रम हा खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. डोंगराला नाव त्याचं लागलं. 2021 च्या ऑगस्टअखेर याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि पुढे अवजड वाहनांना इथून बंदी झाली. म्हणजे दोन हजार वर्षं माल उतरवणाऱ्या डोंगरानं आता मालट्रकना परत पाठवायला सुरुवात केली. हे कळल्यावर मी सावध व्हायला हवं होतं. मी उलट खूश झालो, की आता या मार्गावरचा व्यापारी मी एकटाच!

सकाळी रिक्षानं पितळखोरा गाठला. इथे लेणी वर नसतात, खाली असतात. पठारावर गाडी थांबते आणि पायऱ्या दरीत उतरत जातात. ओढा, लोखंडी पूल, समोर कातळ, आणि कातळाच्या पोटात विहार आणि चैत्य. पायथ्याला हत्तींची रांग अशी काढली आहे की सगळा डोंगर त्यांनीच पाठीवर घेतलाय. जिन्यापाशी ढाल-भाला घेतलेले दोन द्वारपाल उभे, चेहऱ्यावर आपल्या बोळातल्या पानवाल्याची ती आल्यागेल्यावर नजर ठेवणारी शांती. वरचं पाणी खाली आणायला नागाच्या फण्यातून काढलेली वाट. मी हे सगळं वाकून वाकून पाहत होतो. पेटीही माझ्याबरोबर वाकत होती.

तीन नंबरच्या चैत्यगृहातले बरेचसे खांब पडले आहेत. पुरातत्त्व खात्यानं काही ठिकाणी नवे बांधून आधार दिला आहे. जुन्यांतला मितदेवाचा खांब भाच्यानं दाखवला. मी चप्पल काढली. भाषण तयार होतं. "हे मितदेवा," इथपर्यंत आलो असेन, तोच लेण्याचा रखवालदार दारात आला आणि नाक वर करून म्हणाला, "काका, अत्तर कुणी लावलंय?"

अभिमानानं सांगितलं, मी.

"वर बघा."

कातळाच्या कडेला काळपट पोळी लोंबत होती. आग्यामोहोळ. त्यातल्या एका पोळ्यावरून काही मंडळी चौकशीला खाली आली होती. मी पेटी पाहिली. मखमल ओली, मोगऱ्याची कुपी अर्धी, आणि माझ्या सदऱ्याची डावी बाजू कोपरापासून कमरेपर्यंत सुगंधित.

"पळू नका," रखवालदार म्हणाला. हा सल्ला तोवर उशिराचा झाला होता. राजवैद्य मगिलाच्या मुलीनंही याच लेण्यांना दान दिल्याचं कोरलेलं आहे, असं भाचा मागून ओरडून सांगत होता. वैद्याची गरज लागेल म्हणून त्यानं सांगितलं, की त्याला ते त्याच क्षणी आठवलं, हे मी अजून विचारलेलं नाही. रखवालदारानं मला दंडाला धरून ओढ्याच्या काठी बसवलं, डोक्यावर घोंगडी टाकली आणि आत तांब्यानं पाणी ओतायला लावलं.

आता थोडं धंद्यातलं. अस्सल अत्तर कन्नौजच्या भट्टीत डेग आणि भपक्यावर निघतं आणि चंदनाच्या तेलात मुरतं. तेल असल्यानं ते अंगावर बसलं की पाण्याला दाद देत नाही. "तीन दिवस वास हलणार नाही," हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतही म्हणतो, असं ही सांगते. घोंगडीखाली बसल्या बसल्या मला त्याच वाक्याची धास्ती वाटत होती. तीन दिवस इथं बसायचं?

दोन तांब्यांत मोगरा साफ उतरला.

तिसऱ्या तांब्याला सदऱ्याला नुसता ओढ्याचा वास राहिला. माशा थोडा वेळ घुटमळल्या, त्यांना माझ्यात रस उरला नाही, त्या वर गेल्या. माझ्या वाट्याला कानाच्या पाळीवर एकच दंश आला. रखवालदारानं घोंगडी उचलली तर समोर भाचा कुपी उन्हात धरून उभा.

"मामा, हा डीपीजीवाला ना? शुद्ध म्हणून देतो तो?"

डीपीजी म्हणजे बिनवासाचं, पाण्यात सहज मिसळणारं पातळ द्रव. अत्तर त्यात वाढवलं की एका कुपीच्या चार होतात आणि चारही स्वस्त पडतात. बाजारात बरेच जण करतात. मी करतो हे भाच्यालाही ठाऊक होतं, कारण भरायला तोच बसतो. पण त्याच्या तोंडून ते मितदेवाच्या खांबासमोर ऐकणं वेगळं. "फार किमती नाही आणि फार प्रमाणातही नाही," तो पुटपुटला. मी कान चोळत होतो, त्यामुळे काही ऐकू आलं नाही.

परत पायऱ्या चढायच्या, की ठरल्याप्रमाणे खाली पाटणादेवीकडे उतरायचं? रखवालदारानं ओळखीचा एक वाटाड्या गाठून दिला. गौताळा अभयारण्याचं हे जंगल, बिबटे आहेत, एकटं जाऊ नका, आणि अत्तर लावू नका, असं बजावलं. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

उतरणीबद्दल फार लिहीत नाही, कारण मी ती बहुतांश बसून उतरलो. पेटी आधी पुढे धरली, मग काखेत, शेवटी डोक्यावर घेतली, तेव्हा भाचा थांबून हसायला लागला. पितळखोऱ्यात उत्खननात एक यक्ष सापडला होता. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर घमेलं घेतलेला, दात काढून हसणारा. कान्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला, हे त्याच्या तळव्यामागे कोरलंय. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. "मामा, तुम्ही हुबेहूब. फक्त तो हसतोय." वंशावळीत आणखी एक शाखा निघाली म्हणायची.

दमून एका खडकावर टेकलो तेव्हा मला चाळीसगावचे केकी मूस आठवले. रेल्वे स्टेशनजवळच्या त्यांच्या बंगल्यात या थोर छायाचित्रकारानं आयुष्याची कितीतरी दशकं घराबाहेर जवळजवळ पाऊलच न टाकता काढली, आणि तिथंच टेबलावरच्या वस्तूंतून फोटोंची अख्खी दुनिया उभी केली. 1989 मध्ये ते गेले. या सगळ्या परिसरात प्रवासाबद्दल खरं शहाणपण असलेला तो एकच माणूस असावा.

संध्याकाळच्या सुमारास पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकादेवीचं मंदिर दिसलं. हे पाटण म्हणजे भास्कराचार्यांच्या कुळाचं गाव. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवानं इथं मठ काढला, त्याचा शके 1128 चा शिलालेख आहे. भाच्यानं त्याचा मराठी भाग तोंडपाठ केलेला. त्यात बाजाराच्या हिशेबाची गोष्ट आहे: या पाटणात जो माल उघडला जाईल, त्यावरचा राजाचा कर मठाला. "तुमचा माल तर वरच उघडला, मामा. कर माफ."

तिथून चाळीसगाव वीसेक किलोमीटर. एसटी गेलेली. एक टेम्पोवाला देवीला नारळ देऊन परत निघाला होता. मी भाड्याचं विचारलं, तर त्यानं पेटीकडे बोट केलं. "काय आहे त्यात?"

मी सरळ बसलो. हाच तो क्षण, ज्यासाठी व्यापारी डोंगर उतरतात. झाकण उघडलं, वडिलांच्या वेळची कन्नौजची हिना काढली, फाया करून त्याच्या मनगटाला लावला. अस्सल माल, थंडीत ऊब देतो, तीन दिवस हलणार नाही, घरभर दरवळेल.

तो हात झटकून मागे सरला. "नको भाऊ. घरात वास आला की बायको विचारते, कुठं गेला होतात."

भाच्यानं अर्धी उरलेली मोगऱ्याची कुपी पुढे केली. "हे बघा. हे दोन तांब्यांत जातं. मामांवर स्वतः तपासलंय."

टेम्पोवाल्यानं वास घेतला, माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं आणि पुढचं दार उघडलं. "असल्या अजून किती आहेत?"