खड्डा खणायचा कोणी?

वाडीवाल्याची खड्ड्यापासून सुटका नाही. चिकूचं कलम लावायचं तर मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा आधी खणून उन्हात तापू द्यावा लागतो. पाइप टाकायचा तर चर हवा, आणि पावसाचं पाणी खाचर सोडून ओटीकडे यायला लागलं तर आणखी एक चर. मे उजाडला की डहाणू तालुक्यातल्या कैनाडच्या पाड्यांवर माणसं एकदा आभाळाकडे आणि एकदा जमिनीकडे बघत बसतात. मिरगाच्या आत खणून होईल का, एवढाच हिशेब चाललेला असतो.

हल्ली या हिशेबात एक नवं कलम आलं आहे. जेसीबी बोलवायचा, की छोटा ट्रॅक्टर घेऊन त्याच्या मागे बॅकहो, म्हणजे खणायचा यांत्रिक हात, लावायचा? माझा मावसभाऊ दुसऱ्या पक्षाचा. त्याने मोबाइलवर इतके बॅकहो चालताना पाहिले आहेत की आता तो जेवतानाही भाताचा चर काढून त्यात आमटी सोडतो. "आपलं मशीन, आपली वेळ. कोणाच्या पाया पडायला नको," असं तो सांगतो.

पाया पडण्याबद्दल मात्र तो खोटं बोलत नाही. बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू-तलासरीतून जातो, मुंबई-वडोदरा महामार्गही इथूनच जातो. एवढी मोठी खोदाई दारात चाललेली असताना तुमच्या चाळीस फुटांच्या चरासाठी कोणाला सवड असणार? जेसीबीवाला फोनवर "निघालोच शेठ" म्हणतो. त्या निघण्याला तिथी नसते. आणि येतो तेव्हा नेमका तुम्ही बँकेच्या कामाला डहाणूला गेलेला असता.

पण तो आला की पाड्यावर जत्रा भरते. पोरं झाडावर चढतात, शेजारी लुंगी खोचून येतात. २०१९ साली देशभर लोक जेसीबीची खोदाई बघत बसल्याचे विनोद फिरले, तेव्हा आमच्याकडे कोणालाच त्यात विनोद दिसला नव्हता. २०१८ च्या नोव्हेंबरपासून या भागात जमीन अधूनमधून हादरते, लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या आहेत. त्यामुळे भांडी वाजली की आतून एखादी आजी शांतपणे विचारते, "भूकंप का जेसीबी?" जेसीबी म्हटल्यावर ती चुलीवरचं उतरवून बघायला बाहेर येते.

या पिवळ्या यंत्राचा मूळपुरुष जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्लंडात एका भाड्याच्या गॅरेजात धंदा मांडला. त्याच वर्षी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतले वारली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले होते. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. तोवर इथल्या जमीनदाराला यंत्र विकत घ्यावं की भाड्याने आणावं हा प्रश्न पडतच नसे. माणसं फुकट राबत, आणि राबली नाहीत तर मार खात. पुढे १९९० साली महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि कलमाचा खड्डा खणण्याची मजुरी सरकारी दरपत्रकावर आली. इथल्या जमिनीत खड्ड्याला दाम मिळायला एवढी वर्षं जावी लागली. म्हणून दहा-वीस कलमांसाठी कोणी यंत्राची भाषा सुरू केली की मला बरं वाटत नाही. दोन माणसं, टिकाव, पहार, घमेलं आणि पुरी मजुरी एवढ्यात ते काम होतं.

प्रश्न उरतो त्याहून मोठ्या खणण्याचा. मावसभावाला शेततळं हवं आहे. सरकारी योजनेतलं मोठं शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. बाजू उतरत्या धरल्या तरी साधारण २,२०० घनमीटर माती निघते. छोट्या बॅकहोच्या बकेटमध्ये दीड घनफूट माती मावते असं उदार मनाने धरलं, तर बकेट पन्नास हजारांहून जास्त वेळा खाली-वर करावी लागेल. मिनिटाला दोन बकेट आणि दिवसाला आठ तास असा जप चालवला तरी जवळजवळ दोन महिने. जेसीबीची मागची बकेट पाव घनमीटरची. त्याच वेगाने तो नऊ-दहा दिवसांत आटोपतो. हा हिशेब मी त्याला कागदावर करून दाखवला. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मिनिटाला तीन काढल्या तर?"

शिवाय मुरूम संपला की खाली काळा दगड लागतो. तिथे छोटं यंत्र दगड उचलायला जातं आणि दगड जागचा न हलता ट्रॅक्टरच उचलला जातो. वर बसलेल्याच्या चेहऱ्यावरचा मालकीहक्क त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

तरीही मावसभावाची एक गोष्ट मला मान्य आहे. जुन्या वाडीत झाडांचे घेर एकमेकांना भिडलेले असतात. तिथे सात-आठ टनांचं धूड आत घातलं की वाटेतल्या फांद्या जातात आणि माती दाबून घट्ट होते. चिकूची अन्न घेणारी मुळं वरच्याच थरात पसरलेली. ती बिचारी तक्रार करत नाहीत, दोन वर्षांनी फळ कमी देतात. टनभराचा ट्रॅक्टर झाडांखालून वाकून जातो, हवा तेवढाच अरुंद चर काढतो. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या झाडाच्या मुळांना एवढी अदब दाखवायला हरकत नाही.

पण असे चर वर्षाला निघतात किती? बाकीचे दिवस बॅकहो शेडमध्ये उभा, हप्ता मात्र चालत राहतो. आणि उभं यंत्र मालकाला स्वस्थ बसू देत नाही. तो नको तिथे खणायला लागतो. भाड्याच्या यंत्राचं मीटर पडत असतं म्हणून माणूस आधी विचार करतो. घरच्या यंत्राला मीटर नसतं, तेव्हा विचार खड्डा झाल्यावर सुचतो.

माझं मत विचाराल तर तळं, विहिरीचं काम, दगड, हे सगळं जेसीबीवाल्याकडे सोपवावं. वाडीतल्या चरांसाठी छोटा बॅकहो पाच-सात वाडीवाल्यांनी मिळून घ्यावा. एकट्याने घेण्यात शहाणपण नाही. आणि जेसीबी येणार असेल तर आदल्या संध्याकाळीच फक्कीने रेघा मारून ठेवा, आणि जुनी पाइपलाइन कुठून गेली आहे ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या.