कुठून कुठे?

आमच्याकडे एक सतरा इंची मॉनिटर आहे. २००८ साली घेतलेला. हल्लीचे पडदे आडवे पसरलेले असतात. हा जुन्या वळणाचा, पाठ ताठ ठेवून बसणारा. रुंदीला १२८० ठिपके, उंचीला १०२४. पुस्तकाचं एक पान त्यावर डोक्यापासून पायापर्यंत मावतं. मी अनुवाद करतो, इंग्रजीतून मराठीत. मला पडद्यावर सिनेमा बघायचा नसतो, पान बघायचं असतं. याच गुणावर तो आमच्या घरात टिकला. त्याच्याबरोबर आलेला डबा, म्हणजे टेबलाखालचा संगणक, गेल्या पावसाळ्यात वारला. मॉनिटर मागे राहिला, ठणठणीत.

नवा लॅपटॉप आला तो वहीएवढा. त्यावर मूळ इंग्रजी पान आणि माझं मराठी पान शेजारी शेजारी मांडलं की दोन्हीकडची अक्षरं मुंग्यांएवढी होत. तेव्हा ठरवलं, इंग्रजी जुन्या मॉनिटरवर आणि मराठी लॅपटॉपवर. अडचण एवढीच की मॉनिटरच्या पाठीत एकच तोंड होतं, निळं, व्हीजीएचं. आणि लॅपटॉपच्या कुशीत होतं ते एचडीएमआयचं. व्हीजीए आयबीएमनं आणलं १९८७ साली. एचडीएमआयचा पहिला मसुदा २००२चा. मध्ये पंधरा वर्षं. एवढ्या वर्षांत एका घरातल्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळेनासं होतं, ही तर यंत्रं.

यावर उपाय ॲडॅप्टर. मी तो घरबसल्या मागवला. खोक्यावर व्हीजीए हे नाव होतं, एचडीएमआय हेही होतं. आणखी काय हवं?

जोडणी तर दृष्ट लागावी अशी झाली. ॲडॅप्टरचं निळं टोक मॉनिटरच्या पाठीत बसलं. दुसऱ्या बाजूच्या खाचेत एचडीएमआयची वायर गेली, आणि त्या वायरचं उरलेलं टोक लॅपटॉपमध्ये. सगळं मापाचं. जे बसतं ते चालतं, असं मानणारी आमची पिढी.

मॉनिटर चालू केला. काळ्या पडद्यावर एक चौकट आली, ‘नो सिग्नल’. ती जरा वेळ इकडून तिकडे हिंडली, मग मॉनिटर झोपला आणि त्याचा हिरवा दिवा पिवळा झाला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘डिटेक्ट’ असं एक बटण मिळालं. ते दाबल्यावर लॅपटॉपनं कळवलं की दुसरा पडदा काही आढळला नाही. वीतभर अंतरावर बसलेले दोघं. एक म्हणतो, मला कोणी बोलावलंच नाही. दुसरा म्हणतो, कोणी आलंच नाही. लग्नघरातले रुसवेफुगवे असेच असतात.

मग मी विधी आरंभले. पहिला विधी, काढून परत घालणे. हा तीनदा केला. दुसरा, दोन्ही यंत्रं बंद करून चालू करणे. तिसरा, मॉनिटरची वायर भिंतीतून काढून त्याचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणे, म्हणजे अंगात मुरलेली वीज उतरते. चौथा, फुंकर.

“अहो, कोणाला घालताय फुंकर?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“मॉनिटरला.”

“मग आवरलं की हात धुऊन या. जेवायला वाढलंय. त्याचंही पान घेऊ का?”

जेवण झाल्यावर मी भिंग घेऊन बसलो आणि अखेर दोष सापडला. व्हीजीएच्या प्लगमध्ये पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिना असतात. माझ्या ॲडॅप्टरच्या मधल्या ओळीत एक जागा रिकामी होती. दात पडलेला! विकणाऱ्याला लिहायच्या पत्रातली पहिली दोन कडक वाक्यं मनात तयार झाली, आणि मी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

“मामा, ती नववी पिन. पुष्कळ प्लगमध्ये नसतेच ती,” तो म्हणाला. माझी दोन वाक्यं वाया गेली. “तू विंडोजची की आणि पी एकदम दाब बरं.”

दाबल्या. कडेला चार पर्याय आले. फक्त हाच पडदा, दोन्हींवर सारखंच, दोन्हींवर पसरून, किंवा फक्त दुसरा. लोकशाही होती, पण उमेदवार एकच उभा होता. पसरून बघितलं. लॅपटॉप म्हणाला, दुसऱ्या पडद्यावर काही दाखवता येत नाही. ड्रायव्हर नव्यानं घाला, नाहीतर व्हिडिओ कार्ड बदला. भाच्यानं मग चार किल्ल्यांचा मंत्र दिला, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. तो म्हटल्यावर लॅपटॉपचाच पडदा क्षणभर काळा झाला, टुक असा आवाज आला, माझ्या पोटात गोळा आला, आणि सगळं पूर्ववत झालं. मॉनिटरसकट पूर्ववत.

“पडदा सापडतो म्हणजे काय होतं, सांगू का?” भाच्याला आता रंग चढला होता. “लॅपटॉप एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर पाच व्होल्ट पाठवतो. समोर कोणी असलं तर ते एकोणिसाव्या पिनेवरून सांगतं, हजर! मग लॅपटॉप त्याची माहिती वाचून घेतो. कंपनी कुठली, कोणत्या साली बनला, किती सेंटिमीटर लांब-रुंद, ठिपके किती. १९९४ पासूनची पद्धत आहे. सगळं मिळून १२८ बाइट.”

मी मनात हिशेब केला. देवनागरीचं एक चिन्ह सहसा तीन बाइट खातं, काना-मात्रा धरून. म्हणजे १२८ बाइटांत बेचाळीस चिन्हं. बेचाळीस चिन्हांत आमच्याकडे मुलाचं गोत्र आणि मामाचं गावसुद्धा सांगून होत नाही.

“म्हणजे आपल्याकडे हजर असं कोणी म्हणतच नाहीये.”

“करेक्ट. ॲडॅप्टर कुठला घेतलास?”

“चांगला घेतलाय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याला मीटिंग आली.

दुसऱ्या दिवशी ॲडॅप्टर खिशात टाकून बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या त्या बोळात माणूस दुकानात शिरत नाही, गर्दी त्याला आत ठेवून जाते. काउंटरवरच्या मुलानं माझ्या हातातल्या वस्तूकडे बघितलं आणि विचारलं,

“काका, कुठून कुठे जायचंय?”

“इथंच, सदाशिव पेठेत.”

“तुम्ही नाही हो. पिक्चर.”

मी म्हटलं, “लॅपटॉपमधून मॉनिटरवर.”

“मग हा उलटा जातो. जुन्या कॉम्प्युटरमधून निघून नव्या टीव्हीवर. वन वे आहे काका.” त्यानं ॲडॅप्टर पालथा करून तांदळाच्या कणीएवढी अक्षरं दाखवली. ‘व्हीजीए टू एचडीएमआय.’

ज्या माणसानं ‘ला’ लावायचा की ‘स’ यावरून संपादकांशी पत्रव्यवहार केला, एका ‘तून’साठी मुद्रितशोधकाला रात्री दहाला फोन केला, त्याला दोन नावांमधला ‘टू’ दिसला नव्हता. नावं तेवढी वाचली, प्रत्यय सोडून दिला. लक्ष्मी रस्त्यावरून उलट्या दिशेनं जाऊन मी काल रात्रभर समोरच्याला हॉर्न मारत होतो.

दुकानात गिऱ्हाईक कमी नव्हतं, तरी त्या मुलानं नीट समजावलं. व्हीजीएतून चित्र जातं ते लाल, हिरव्या आणि निळ्याच्या तीन तारांवर, शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत चढत-उतरत, सारंगीच्या सुरासारखं सलग. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. आकड्यांचे सूर करणारी चिप वेगळी, आणि सुरांचे आकडे मांडणारी वेगळी. एकीचं काम दुसरीला येत नाही. बाहेरून डबी तेवढी सारखी दिसते.

हे मला नवीन नव्हतं. एका प्रकाशकानं मला एकदा मराठी कादंबरी इंग्रजीत करून मागितली होती. तुम्हाला दोन्ही भाषा येतात ना, मग इकडचं तिकडे काय नि तिकडचं इकडे काय, असा त्यांचा सरळ हिशेब. मीही भरीला पडून दहा पानं केली. वाक्यं सगळी व्याकरणशुद्ध होती, आणि पलीकडे चित्र उमटत नव्हतं. पानं परत आली तेव्हा मी बरेच दिवस कागदाला, शाईला आणि प्रकाशकाच्या अभिरुचीला दोष देत होतो. म्हणजे फुंकरा मारणं तेव्हाही चालूच होतं.

नवा ॲडॅप्टर घेऊन घरी आलो. आता त्याचं टोक लॅपटॉपमध्ये आणि मॉनिटरची जुनी व्हीजीए वायर त्याच्या पाठीत. पडदा उजळला. मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत विझला. ती गेली, उजळला. तिसऱ्या हाकेला ती आलीच नाही.

पण हेही दुकानातल्या मुलानं सांगून ठेवलं होतं. मधल्या चिपला स्वतःला खायला लागतं, आणि ती जेवते लॅपटॉपनं पाठवलेल्या त्याच पाच व्होल्टांवर. एचडीएमआयच्या नियमात तिथे किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत, एवढीच अट आहे. काही ॲडॅप्टरांचं तेवढ्यात भागत नाही, म्हणून कुशीला एक बारीक भोक असतं. त्यात मोबाइलचा चार्जर लावला, आणि पडदा स्थिर झाला. अनुवादकाच्या मानधनाबद्दल मी वर्षानुवर्षं जे सांगत आलोय, ते कोणीतरी पहिल्यांदाच प्रयोगानं सिद्ध करून दाखवलं.

सेटिंगमध्ये आता दोन पडदे दिसत होते, एक आणि दोन. दोनवर टिचकी मारली तर मॉनिटरचं नाव आलं, पुरतं, मॉडेलच्या आकड्यासकट. म्हातारबुवांनी आपले १२८ बाइट जपून ठेवले होते आणि विचारल्याबरोबर सांगितले. ज्यानं ते इकडे पोचवले त्या ॲडॅप्टरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. मी मुद्दाम सगळे पर्याय उघडून पाहिलं.

मधल्याचं नाव असं पूर्वीपासूनच हरवत आलंय. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन बोलणी करायला आला. त्या बोलण्यांत कंपनीचा दुभाष्या होता नारायण शेणवी. ऑक्झिंडन पुष्कळांना ठाऊक असतो. शेणव्यांचं नाव शोधून काढावं लागतं. तरी ते नशीबवान म्हणायचे, कागदात तरी राहिले. आमचं नाव आतल्या पानावर, ‘अनुवाद’ या शब्दापुढे, वाचकाला चष्मा शोधावा लागेल अशा टायपात असतं. पण ते बारीक असलं तरी दिशा सांगतं, आणि ती न वाचण्याचे परिणाम मी दीड दिवस भोगले होते.

म्हणून दोन्ही ॲडॅप्टरांवर ठळक नाव घालायचं ठरवलं. चुकीचा आलेला टाकवला नाही. वायरींच्या डब्यात एक जास्त, कोणाच्या जुन्या कॉम्प्युटरला नवा टीव्ही लागलाच तर. पांढरी चिकटपट्टी कापली, जाड पेन घेतलं, आणि इंग्रजी आद्याक्षरांच्या भानगडीत न पडता शुद्ध मराठीत लिहिलं. एकावर, ‘इकडून तिकडे’. दुसऱ्यावर, ‘तिकडून इकडे’.

परवा झाडलोटीत दोन्ही ॲडॅप्टर निघून एका जागी आले. बायकोनं विचारलं, यातला कुठला लावायचा? मी दोन्ही हातांत धरून उभा आहे. अक्षर माझंच आहे, सुवाच्य आहे. फक्त लिहिताना मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलो होतो, तेवढं आठवत नाही.