इतवारीतील कुक्कुटपालन : उन्हाळी प्रकरण

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, उरलेसुरले आणि थोडा दाणा घालून पाच-दहा कोंबड्या सांभाळणे. नागपूरच्या इतवारीत ही व्याख्या ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांपाशीच अडते. सराफा ओळ, किराणा ओळ, मस्कासाथ यांच्या मधल्या बोळांत परस असा राहिलेला नाही. राहिले आहेत ते जुन्या वाड्यांचे चौक, मोरीशेजारची फरशी, वखारीमागची चिंचोळी पट्टी आणि गच्ची. पैकी गच्ची बाद. मे महिन्यात तिथे कुरडया दुपारपर्यंत कडकडीत होतात, आणि कोंबडी हा वाळवणाचा प्रकार नव्हे.

भूगोलाच्या हिशेबाने नागपूर वाळवंटात मोडत नाही. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावाला वाळवंट म्हणायची सोय नाही. परंतु तिथल्या खिडक्याखिडक्यांना जी पेटी लटकते तिला डेझर्ट कूलर म्हणतात, आणि एप्रिलपासून मध्य जूनपर्यंत नागपूरकराचा विश्वास भूगोलापेक्षा त्या पेटीवर अधिक असतो. पारा ४५ अंशांवर गेला तर त्याची कोणी बातमी करत नाही. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ वर गेला तेव्हा मात्र झाली. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, म्हणजे साधारण २५ मेपासून, नवतपा लागतो. या नऊ दिवसांत दुपारी इतवारीच्या रस्त्यावर जो दिसतो त्याच्या तोंडाला दुपट्टा असतो आणि घरी कोणीतरी ‘आत्ता काऊन निघालास?’ असे म्हटलेले असते. कोंबडीला दुपट्टा बांधता येत नाही. इथून पुढचे सारे शास्त्र त्या अडचणीवरचे उपाय आहे.

कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि तिला घाम येत नाही, कारण घर्मग्रंथीच नसतात. हवा तिशीच्या आसपास असेल तोवर ती पंख अंगापासून सुटे धरते, तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लोंबत्या लाल कातड्यातून उष्णता बाहेर टाकते आणि निभावून नेते. बाहेर ४५ झाले की हा व्यवहार उलटतो. अंगापेक्षा हवाच गरम. मग उष्णता द्यायची कुणाला? तेव्हा एकच वाट उरते, ती म्हणजे धापणे. चोच उघडायची, नरडे थरथरवायचे, ओलसर श्वासमार्गावरून कोरडी हवा भराभर खेळवायची आणि पाण्याची वाफ होताना जो गारवा मिळतो तो अंगात मुरवायचा. कूलरही नेमके हेच करतो. म्हणजे इतवारीच्या घरात मे महिन्यात दोन तऱ्हेचे कूलर चालू असतात, एक खिडकीत घरघरणारा आणि दुसरा अंडी घालणारा. दोघांच्या अटी सारख्या आहेत : टाकीत पाणी पाहिजे आणि हवा कोरडी पाहिजे. खिडकीतल्या कूलरचे पाणी संपले की नुसता गरम वारा येतो, घरातले एकमेकांकडे पाहतात आणि शेवटी सर्वांत धाकटा उठून बादली ओततो. कोंबडीच्या बाबतीत एकमेकांकडे पाहण्याइतकी सवड मिळत नाही.

कूलरशी असलेले हे नाते कोंबड्यांना पुस्तक न वाचता कळलेले असते. दुपारी दोनच्या सुमारास चौकात पाहिले तर दाण्याचे घमेले तसेच पडलेले असते आणि सगळा कळप कूलरच्या लोखंडी स्टँडखाली जमलेला असतो. फ्लोट नीट न बसल्यामुळे टाकी थेंब थेंब गळत असते आणि फरशीवर हातभर ओल झालेली असते. त्या ओलीत बरोबर थेंबाखालची जागा कळपातल्या दांडग्या म्हातारीची. ती पोट फरशीला टेकून, पंख पसरून, डोळे अर्धे मिटून बसते. दर थेंबाला मान किंचित झटकते, पण हलत नाही. बाकीच्या मानाप्रमाणे भोवती, आणि सर्वांत लहान तलंग स्टँडच्या पायाशी, जिथे ओल संपते तिथे. भिंतीपलीकडे, कूलरच्या झोतात, घरातल्या माणसांचीही मांडणी वेगळी नसते. फ्लोट दुरुस्त करायला माणूस आला की कळपाचे हाल होतात, म्हणून जाणते लोक ते काम पावसाळ्यावर ढकलतात. कामे पुढे ढकलण्याला असे शास्त्रीय कारण क्वचितच मिळते.

जात निवडताना वजनाकडे पाहावे. ब्रॉयलर हा पक्षी लवकर वाढण्यासाठी घडवलेला असतो. वाढ म्हणजे पचन, पचन म्हणजे उष्णता, त्यामुळे उन्हाच्या लाटेत पहिला बळी त्याचा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि तेवढ्यावरही उपकार केल्यासारखी चालते, पण ऊन सोसते. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही काटक. काळा असल्यामुळे त्याला जास्त ऊन लागत असेल अशी चिंता शेजारी करतात, ती पाळणाऱ्याने करू नये, सावली करावी. हैदराबादेत तयार झालेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हितकारी, उपकारी, निर्भीक आणि श्यामा अशी नावे आपल्या वाणांना दिली आहेत; सदाचारी कुटुंबातली भावंडे शोभावीत. त्यांतली हितकारी उन्हाळ्याच्या दृष्टीने फार सोयीची, कारण तिच्या मानेवर पिसेच नसतात आणि उघड्या कातडीतून उष्णता सहज निघून जाते. मात्र तिला पाहून येणारा प्रत्येक पाहुणा ‘हिला काय झालं बाप्पा?’ असे विचारतो.

खुराड्यावर टिन घालू नये. घातलेच तर वरून चुना फासावा आणि तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर टाकावा. जुन्या वाड्यातले उतरवलेले कवेलू मिळाले तर उत्तम. बाजू बंद न करता जाळी लावावी आणि पश्चिमेला बारदान सोडून ते दुपारी ओले ठेवावे. बारदान इतवारीत मुबलक आहे. मात्र जाळी बारीक हवी, कारण पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या वखारींवर पोसलेल्या घुशी इथे मांजरालाही वाट देत नाहीत; अंडी आणि पिल्ले त्यांना फरसाणासारखी.

पाणी माठातले द्यावे. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी चहापुरते गरम असते, आणि कोंबडी तहानेने व्याकूळ असली तरी गरम पाण्याला तोंड लावत नाही. दाण्याचे वेळापत्रक माणसाला अधिक जड जाते. खाल्ल्यावर पचनाची उष्णता काही तासांनी वाढते. सकाळी दहाला भरपेट दाणा टाकला तर तिच्या पोटातला नवतपा आणि बाहेरचा नवतपा दुपारी एकाच वेळी भेटतात. म्हणून दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यायचा, मधल्या वेळात घमेले उचलून ठेवायचे. कोंबडीला अंधारात दिसत नाही, तेव्हा पहाटे दिवा लावायला कोणीतरी उठावे लागते. ज्या वस्तीत दुकाने अकराच्या आधी धड उघडत नाहीत तिथे हा नियम सुचवणे सोपे असते. कणी आणि तुरीची चुनी जवळच मिळते, फक्त ठोकवाल्याकडे दोन किलो कणी मागू नये. तो चिल्लरवाल्याचे दुकान दाखवतो आणि शिवाय कोंबड्या किती, हे विचारतो.

उन्हाळ्यातले अंडे लहान आणि पातळ कवचाचे असते. याचेही मूळ धापण्यात आहे. सारखे धापल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचे. कार्बोनेटचा कच्चा मालच कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा यांनी थोडा फरक पडतो. दुसरा घोटाळा साठवणुकीचा. फलित अंड्यातला गर्भ वीस-एकवीस अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो, आणि उबवणीला साडेसदतीस अंश पुरतात. इतवारीतल्या माडीवरचा कोनाडा मे महिन्यात उबवणीयंत्राच्याही पुढे जातो. तिथे ठेवलेले अंडे अंडेही राहत नाही आणि त्याचे पिल्लूही होत नाही. ऑम्लेट करायला फोडणाऱ्याला हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. खुडूक कोंबडी या दिवसांत अंड्यांवर बसवू नये. ती एकवीस दिवस नेटाने बसते, पाण्यालाही क्वचितच उठते, आणि त्या नेटानेच मरते.

साठवणुकीच्या घोटाळ्यावर सरळ उपाय म्हणजे उन्हाळ्यात कोंबडा न ठेवणे. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, ही गोष्ट चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही वादाचा विषय होते, पण ती खरी आहे. अफलित अंडे कोनाड्यात जास्त टिकते आणि पहाटेची बांगही बंद होते. बोळात एकमेकांची अंडीपिल्ली सर्वांना ठाऊक असतात. तिथे बांगेवरून होणारी भांडणे उष्माघाताइतकीच गंभीर समजावीत. काही जण कोंबडा रात्री डालग्याखाली झाकतात. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, हे म्हणीत सांगितले आहे. मे महिन्यात झाकलेला कोंबडा उजाडेपर्यंत राहत नाही, हे सांगायचे राहून गेले आहे.

जूनच्या मध्यावर आभाळ भरून येते, पारा उतरतो आणि पाळणारा निश्चिंत होतो. धोका तिथेच असतो. हवेत दमटपणा आला की कूलर चिकट वारा फेकू लागतो आणि घरातले तो बंद करतात. त्याच दिवसांत कोंबडीचे धापणेही निकामी होते, आणि तिचे बटण नसते. पस्तीस अंशांची दमट संध्याकाळ तिला पंचेचाळिसाच्या कोरड्या दुपारइतकीच जाचते. या पंधरवड्यात ओले बारदान काढून टाकावे आणि पंखा लावावा.

रोगांपैकी राणीखेत, म्हणजेच मानमोडी, सर्वांत वाईट. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लशीचा थेंब घालतात. लस बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागते, आणि ऑटो सिग्नलला उभा असताना थर्मास उघडून बर्फ आहे का ते पाहू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून अचानक अनेक पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे हा शिष्टाचार राहिला नसून कर्तव्य झाले आहे.

अंडी बंद झालेल्या कोंबडीचे काय करायचे, हा शेवटचा प्रश्न. दोन-तीन नवतपे काढलेली गावरान कोंबडी झणझणीत सावजी मसाल्यातही लवकर शिजत नाही; कुकरच्या शिट्ट्या मोजणे सोडून द्यावे. नाव ठेवलेली कोंबडी घरात कापली जात नाही, ती शेजाऱ्याला दिली जाते, आणि रात्री आठच्या सुमारास त्याच्याकडून रश्शाची झाकलेली वाटी येते. ती परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.