आजचा भाव : तर्जनी चौदा

चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्याला भाव विचारत हिंडावं लागत नाही, तो फलकावर असतो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडतो, मशीन लावतो आणि ओलावा बाराच्या वर निघाला की कपात सांगतो. शेतकरी चिडतो, पण कशाचे पैसे कापले हे त्याला कळतं तरी. अमडापूरच्या आजूबाजूला गिट्टी खदानीवर, क्रशरवर, विहिरीच्या खोदकामावर जाणाऱ्या माणसांसाठी असा फलक कुठंच नाही. ही मोठी गैरसोय आहे. भाव सरकारनं कधीचाच ठरवून ठेवलाय, नुसता लिहून लावायचा राहिलाय. ते काम हे सदर आज फुकटात करून देतं.

तर घ्या लिहून. हाताचा अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर 14, मधलं बोट 12 (ओलाव्याचा आणि मधल्या बोटाचा आकडा एकच, शेतकऱ्याच्या पोराला पाठ करायला सोपा), अनामिका किंवा करंगळी 7. घाऊक मालाला भाव चढा आहे. एका हाताची चार बोटं सुटी सुटी गेली तर बेरीज 40 भरते, पण एकदम गेली तर कायदा 50 देतो. तेव्हा हात घालायचाच झाला तर नीट घालावा. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर 40. पायाचा अंगठा पार मुळाशी तुटला तर 14, म्हणजे त्याला हाताच्या तर्जनीचा मान. तर्जनीचं नुसतं टोक उडालं, हाड शिल्लक राहिलं, तर 5. हा विनोद नाही. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा, त्याची पहिली अनुसूची. इंग्रज गेले, कायदा राहिला.

टक्के कशाचे, तर कमावण्याच्या ताकदीचे. पगाराच्या 60 टक्के रकमेला वयाच्या आकड्यानं गुणायचं आणि त्यातून बोटाचा हिस्सा काढायचा. पगार कितीही असो, 2020 पासून हिशोबाला तो 15,000 च्या वर धरत नाहीत. चाळिशीच्या माणसाचा आकडा 184.17. म्हणजे 9,000 गुणिले 184.17 आणि त्याचे 14 टक्के : तर्जनीचे झाले 2,32,054 रुपये. सोळा वर्षांपर्यंतच्या पोराचा आकडा 228.54 आणि पासष्टीच्या म्हाताऱ्याचा 99.37. वय वाढलं की माल उतरतो, हे आमच्या बैलबाजारातही मान्य आहे. खाणीत अठराच्या आतल्याला मनाई असताना तक्त्याची पहिली ओळ सोळावर का सुरू होते, हे मात्र विचारू नका. कायदा दूरदृष्टीचा असतो.

इतका पक्का भाव असताना आमच्याकडे कोणी दोन लाख बत्तीस हजार घेऊन घरी गेल्याचं ऐकिवात का नसावं? कारण भाव आहे, माल आहे, फक्त गिऱ्हाईक सापडत नाही. माणूस दवाखान्यात पडलेला असतो आणि मुकादम बाहेर बाकड्यावर बसून सांगत असतो, "बल्लाळदेवीची आन भाऊ, थो आपला माणूसच नाही. ट्रॅक्टरवाल्यासंगं आल्ता. हजेरीवर नाव दाखवा ना मले!" हजेरी मुकादमाच्याच खिशात असते, हा भाग वेगळा. ट्रॅक्टरवाला म्हणतो आपण नुसते कंप्रेसर घेऊन आलो होतो. क्रशरवाला म्हणतो दगड मी विकत घेतो, तो कोण फोडतो ते मले काय माहीत. गट नंबरचा मालक पुण्यात असतो. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर ज्याच्या धंद्यासाठी काम चाललं होतं त्या मूळ मालकानं भरपाई द्यायची आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करायची, असं कायदा शंभर वर्षं सांगतोय. पण त्यासाठी आधी कोणीतरी मूळ मालक असल्याचं कबूल करावं लागतं.

बरं, ती खदान तरी असते का? 1952 च्या खाण कायद्यानं इथं फार मोलाची सवलत दिली. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड, रस्त्याची गिट्टी काढणारा उघडा खड्डा 6 मीटरच्या आत असला, दिवसाला 50 पेक्षा जास्त माणसं नसली आणि स्फोटकं वापरली जात नसली, तर त्या कायद्याची बहुतेक कलमं त्याला लागू नव्हती. तेव्हापासून कागदावरचा खड्डा साडेपाच मीटरवर थांबायला शिकला. बार उडतो तेव्हा शेजारच्या शिवारात भांडी वाजतात, पण कागदावर आवाज होत नाही. गंमत अशी की खड्डा खाण नसला तरी भरपाईचा कायदा सुटत नाही, तो वेगळा आहे. हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं, मजुराला नसतं.

खोलीचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याचा मान राखून सांगतो, लोणारचा खड्डा सुमारे दीडशे मीटर आहे. उल्का आली, कोणाची परवानगी घेतली नाही, रॉयल्टी भरली नाही, एवढा बसाल्ट उडवला आणि स्वतः बेपत्ता झाली. बुलढाणा जिल्ह्यातली ठेकेदारी त्या काळापासून आहे.

चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणीतल्या माणसाचं जरा बरं म्हणायचं. तिथं शिफ्ट असते, युनियन असते, अपघाताची खबर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या माणसांना द्यावी लागते. कंत्राटी कामगाराला तिथंही घासाघीस चुकत नाही, पण निदान खाण तिथं आहे याबद्दल वाद होत नाही.

आमच्याकडे वाद मिटवण्याची स्वतंत्र पद्धत आहे. एक स्टँप, दोन साक्षीदार, दवाखान्याचं बिल आणि वर दहा-वीस हजार. "यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही" या ओळीखाली सही. कायद्याच्या लेखी अशा कागदाला किंमत नाही, भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल धरलाय. माणूस दगावला असेल तर पैसे बायकोच्या हातात देऊन हात झटकता येत नाहीत, ते सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावे लागतात. महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर व्याज, आणि सबळ कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. "पिऊन होता" ही आवडती सबब मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या बाबतीत चालत नाही. दावा लावायला दोन वर्षं असतात. एवढं सगळं असून स्टँप विकला जातोच, कारण न्यायालयाची तारीख लांब असते आणि किराणावाला जवळ.

सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात लूटमार करणाऱ्या चाच्यांचा असाच एक तक्ता होता. त्यांच्यातच राहिलेल्या एक्सक्वेमेलिननं तो 1678 मध्ये छापला. उजवा हात गेला तर चांदीची 600 नाणी, डावा गेला तर 500, डोळ्याला 100 आणि बोटालाही 100. डोळा स्वस्त लावला हे खरं. पण ही रक्कम लुटीतून आधी बाजूला निघायची आणि वाटणी त्यानंतर. जहाजावर मुकादम नव्हता, आणि जखमी माणूस आपल्या जहाजावर होता की नव्हता यावर कोणी शपथ घेत नव्हतं. चाचे अडाणी होते.

धुळीचा मात्र भाव सांगता येणार नाही. दगडाच्या धुळीनं फुप्फुस निकामी होणं, म्हणजे सिलिकोसिस, कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. पण तो रोग ओळखेपर्यंत माणसाला टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात आणि क्रशर दुसऱ्या गटात गेलेला असतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुना कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता आली. कामावर जाता-येतानाचा अपघातही आता धरतात, हे चांगलं झालं. बोटांचे टक्के तेच राहिले. एका दुरुस्तीची सूचना मात्र आम्ही या सदरातून करतो. अंगठ्याला 30 टक्के ठरले तेव्हा अंगठा फक्त दगड धरायला लागत होता. आता रेशन अंगठ्यावर मिळतं, बँकमित्र अंगठ्यावर पैसे देतो. दुकानदार मशीन पुढं सरकवतो. यंत्र काही घेत नाही. रांग लांब असते. "घेत नाई बावा," दुकानदार म्हणतो, "दुसरं बोट ठेव."

दुसरं बोट म्हणजे तर्जनी. तिचंही टोक उडालेलं असेल, तर 5 टक्के मिळायला हवे होते.