पोर कॉलेजात, पालक गाडीत : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

कॅलिफोर्नियात हायस्कूलची मुलं शाळा सांभाळून कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतात. याला ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. कूपर्टिनो-फ्रीमॉन्टकडच्या मराठी आईबाबांनी पुढील पायऱ्या क्रमानं चढाव्यात.

१. कारण ठरवा. ‘देशपांड्यांची मुलगी घेतेय’ हे कारण फॉर्मवर लिहू नये. ‘त्याला मुळातच आवड आहे’ असं म्हणावं.

२. हिशेब करा. राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. हायस्कूलच्या मुलांना ११ युनिटांपर्यंत ही फी सहसा माफ असते. फुकट म्हणून अकराच्या अकरा वाढून घेऊ नका. या पंगतीत ताटात टाकलेलं ट्रान्सक्रिप्टवर दिसतं.

३. सह्या करा. शाळेची एक, तुमची एक. तुमची सावकाश करा. यापुढे तुम्हाला फारसं कोणी विचारणार नाही.

४. विषय निवडा. तुम्ही मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस म्हणाल, पोर सिरॅमिक्स म्हणेल. नोंदणीत हायस्कूलवाल्यांचा नंबर बहुधा शेवटी लागतो, तोवर दोन्ही भरलेले असतील. उरलेलं समाजशास्त्र घ्या. ते यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) चालतं का, हे ‘असिस्ट’च्या साइटवर आधी बघा, खासगी विद्यापीठांचे नियम ज्याचे त्याचे. महिन्याभरात पोर घरातल्याच समाजाचा अभ्यास सुरू करेल. उत्तरं देताना सांभाळून.

५. घाई करा. डी अँझा आणि फूटहिल या कम्युनिटी कॉलेजांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर असतात. साधारण १२ आठवड्यांत खेळ खलास. तुम्ही सिलॅबस वाचेपर्यंत पहिली परीक्षा होऊन जाते.

६. मार्क विचारू नका. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला काही सांगत नाही. प्राध्यापकांना ईमेल लिहून झाला असेल, तर तो ड्राफ्टमध्येच राहू द्या. ऑफिस अवर्सना पोरानंच जायचं असतं.

७. मुदत सांगा, एकदाच. विषय वेळेत सोडला तर मागे काही राहत नाही, उशिरा सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉवल) लागतो, सोडायचाच विसरला तर एफसुद्धा लागू शकतो. आठवण करून द्यायला हात शिवशिवतील. खिशात घाला. तारीख चुकून डब्ल्यू लागलाच, तरी तो जीपीएत धरत नाहीत. हाच धडा अठराव्या वर्षी विद्यापीठाची पूर्ण फी भरून शिकावा लागतो. इथे युनिटला शून्य डॉलर.