चित्रमुक्त बालवाचन

अडीच वर्षांच्या लेकीसाठी पुस्तक घेताना भिंगारच्या एका सुज्ञ गृहस्थांनी आधी शब्द मोजले, याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हावा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ त्यांनी फर्रकन चाळून परत ठेवलं. पैसे पुस्तकाचे आणि जागा अडवायची चित्रांनी! रास्तच आहे. शेजारच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्या परिसरात चित्रांचे लाड शोभतात का? यापुढे बालपुस्तकं शब्दांच्या दराने विकावीत आणि दर चित्रामागे दंड आकारावा. अखेर शिष्यवृत्तीचा जाडजूड प्रश्नसंच घरी आला. लेकीने तो उलटा धरला, मागच्या बारकोडवर बोट ठेवलं आणि ओरडली, “बाबा, झेब्रा!”

बारकोड तातडीने कापून टाकण्यात आला आहे.