सायमन सर

शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक तरी सायमन सर असतातच. खरं आडनाव पगारपत्रकात असतं. गावाला ते ठाऊक नसतं. इंग्रजीच्या प्रशिक्षणाला ते साधे मास्तर म्हणून जातात आणि परत येतात ते खिशात शिट्टी, पिशवीत पुठ्ठे आणि तोंडी 'सायमन सेज' घेऊन. सायमनच्या नावानं हुकूम आला तरच पोरांनी नाक धरायचं, नुसता आला तर ढिम्म उभं राहायचं. आज्ञार्थ पक्का करण्याचा हा खेळ. १९२८ साली याच नावाचे साहेब मुंबईत उतरले, तेव्हा लोकांनी त्यांना काळी निशाणं दाखवली होती. आता निफाड तालुक्यातला अख्खा सहावीचा वर्ग सायमनच्या शब्दावर एका पायावर उभा राहतो.

सरांचा जीव मात्र 'माणसांच्या वाक्या'त. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला ते एकेक शब्द लिहितात. पुढून 'गो', मागून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' त्या पत्रिका सुतळीनं गळ्यात अडकवून पोरांनी वाक्याच्या क्रमानं उभं राहायचं. इथं मायबोली आडवी येते. आपलं क्रियापद शेवटी येतं, पंगती उठल्यावर पानावर बसणाऱ्या यजमानासारखं. त्यामुळे 'गो' लटकवलेला पोरगा सवयीनं रांगेच्या शेपटाला पळतो आणि सर त्याला बखोट धरून कर्त्याशेजारी आणतात. "अरे, इंग्रजीत क्रियापदाला दम नसतो!"

'शी गोज टू स्कूल' उभं राहिलं की खरी धावपळ. 'गो'च्या बगलेत 'ईएस' नावाची एक बारकी मुलगी असते. सर शिट्टी मारतात, "प्रश्न!" की बाहेरून 'डू' धावत येऊन 'शी'च्याही पुढं उभा राहतो, आणि 'ईएस'नं 'गो'ला सोडून त्याच्याकडे पळायचं. 'डज शी गो टू स्कूल?' पुन्हा शिट्टी, पुन्हा माघारी. बाकीचे शब्द नुसते उभे. सगळं व्याकरण त्या पोरीच्या पायांत. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई दार लावून घेतात. मुख्याध्यापक विचारतात, "सर, अभ्यासक्रम कुठवर आलाय?" सर म्हणतात, "पटांगणापर्यंत."

सगळ्यात रंगतो तो वाक्यांचा लिलाव. मारिओ रिनव्होलुक्री यांचं 'ग्रामर गेम्स' हे पुस्तक १९८४ साली केंब्रिजहून निघालं. त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स सरांकडे आहे. फळ्यावर दहा वाक्यं, काही धड, काही किडकी. प्रत्येक गटाकडे हजाराच्या खोट्या नोटा. धड तेवढीच विकत घ्यायची. आता ज्यांचं बालपण लासलगावला ट्रॉलीतल्या कांद्यावर बसून गेलं, त्यांना लिलाव काय शिकवायचा? पहिल्याच दिवशी 'ही गो टू मार्केट'वर पोरं तुटून पडली. "वरून लाल दिसतंय सर, आतून सडकंय," म्हणत भाव वीसवर पाडला. 'आय ॲम अग्री'ला कुणी हातच लावला नाही. एका गटानं सौदा झाल्यावर आर्टिकल पडलंय म्हणून कटती मागितली. सर गहिवरले. साहेबाच्या भाषेला इतक्या आपुलकीनं कुणी नावं ठेवलेली त्यांनी ऐकली नव्हती. (माझा संशय असा, की निम्मी पोरं वाक्य न वाचता समोरच्या गटाचे चेहरे वाचत होती. पण बाजारात तरी दुसरं काय करतात?)

केंद्रप्रमुख आले की मात्र सरांची पंचाईत होते. टाचणवहीत 'खेळ' असा रकाना नाही. मग 'अध्ययन अनुभव : कृतियुक्त' असं लिहून ते वेळ मारून नेतात.

परवा घटक चाचणी झाली. पर्यवेक्षणाला नेमक्या गणिताच्या बाई. 'पुढील वाक्याचा प्रश्न तयार करा' इथपर्यंत वर्ग पोचला, तोच ती बारकी 'ईएस' बाकावरून उठली, डाव्या हाताला दोन पावलं गेली, क्षणभर उभी राहिली आणि परत येऊन लिहू लागली.

"काय गं, कॉपी करायला कुणाकडे गेली होतीस?" बाई कडाडल्या.

"कॉपी नाही बाई," ती म्हणाली, "डूकडे."